‘अलाऊ’ आणि ‘डोन्ट अलाऊ’च्या मधलं काही असतं का?

पत्र:

नमस्कार. मी सोलापूरला साखर पेठेत राहते. घरीच ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश शिवते. सासूबाई विड्या वळतात, मिस्टर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत, मुलगी बारावीला आहे. मागच्या महिन्यात मला अनोळखी नंबरवरून फोन यायला लागले. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने कुठल्याशा ॲपवरून कर्ज घेतलं होतं. हप्ता थकला आणि त्याच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर वसुलीचे फोन गेले. त्याच्या आईचे ब्लाऊज मी शिवते, म्हणून माझा नंबर त्याच्याकडे. ‘तुम्ही त्याच्या कोण लागता, तुम्हीच भरा,’ अशी भाषा. मी इतकी घाबरले की माझ्या फोनमधल्या सगळ्या ॲपच्या सगळ्या परमिशन बंद करून टाकल्या. तर व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांची नावं दिसेनात, डिझाइनचे फोटो जाईनात, क्यूआर स्कॅन होईना. मुलगी चिडली. मिस्टर म्हणतात, ‘अलाऊ दाबून मोकळी हो की, आपल्याकडं लपवायला हाय काय?’ त्यात त्यांच्या कारखान्यात आता हजेरी ॲपवर झाली आहे आणि ते ॲप चोवीस तास लोकेशन मागतं. सगळं द्या नाहीतर काहीच देऊ नका, असे दोनच मार्ग आहेत का? मधलं काही नसतं का?

– शिवणकाम करणारी एक वाचक, सोलापूर (नाव छापू नये)

उत्तर:

ताई,

मधलं असतं, आणि बरंच असतं. पण आधी त्या फोनांचं बोलू, कारण ते अजून येत असतील तर पुढचं काही वाचायला तुमचं मन लागणार नाही.

दुसऱ्याच्या कर्जातला एक रुपयाही तुम्ही देणं लागत नाही. जामीन म्हणून तुमची सही नसेल, तर त्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर होता एवढ्यावरून तुमच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. फोन आला तर हुज्जत घालू नका, पत्ता सांगू नका, ‘निदान पाचशे तरी भरा’ म्हणून आलेल्या लिंकला हात लावू नका. नंबर, तारीख, वेळ वहीत लिहा, मेसेज आले असतील तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मगच ब्लॉक करा. सायबर गुन्ह्यांसाठी 1930 ही हेल्पलाइन आहे, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टल आहे, आणि सोलापूर शहर पोलिसांच्या सायबर ठाण्यात प्रत्यक्ष जाऊनही तक्रार देता येते. बेकायदा कर्ज देणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवरही कळवता येतं. जाताना त्या मुलाला सोबत न्या. तो आत्ता तोंड लपवून बसला असेल. या वसुलीचा सगळा जोर लाजेवर चालतो. गल्लीनेही त्याच्याशी बोलणं टाकलं तर फोन करणाऱ्यांना हवं तेच होईल.

त्याला हेही सांगा की ते ॲप मुळातच नियम मोडून उभं होतं. रिझर्व्ह बँकेने 2 सप्टेंबर 2022 रोजी डिजिटल कर्जाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात स्पष्ट म्हटलं होतं, आणि त्यांच्या जागी 2025 मध्ये आलेल्या निर्देशांतही तेच आहे, की कर्जाच्या ॲपने फोनमधली संपर्कयादी, कॉलची नोंद, फाइली आणि फोटो यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन मागायचं असेल तर ते फक्त खातं उघडताना, केवायसीसाठी, एकदाच आणि कर्जदाराच्या स्पष्ट संमतीने. गूगल प्ले स्टोअरनेही 31 मे 2023 पासून वैयक्तिक कर्जाच्या ॲपना संपर्कयादी आणि फोटो वाचायला बंदी केली. तेव्हा कर्ज देणाऱ्या ॲपने संपर्कयादी मागितली, की पुढे एक शब्दही न वाचता ते काढून टाकावं. अशी ॲपं बऱ्याचदा प्ले स्टोअरमधून येतच नाहीत, व्हॉट्सॲपवरच्या एखाद्या लिंकमधून एपीके फाइल, म्हणजे ॲप थेट फोनमध्ये बसवणारी फाइल, म्हणून येतात. त्याबद्दल पुढे सांगते.

आता मिस्टरांच्या बोलण्याबद्दल. ते कष्टाळू आणि सरळ मनाचे असणार, आणि सरळ माणसाला असंच वाटतं. पण तुमच्या फोनमध्ये आहे ते तुमचं एकट्याचं कुठे आहे? गिऱ्हाइकांचे नंबर आहेत. बायकांनी मापासाठी, गळ्याच्या डिझाइनसाठी पाठवलेले फोटो आहेत. त्यांतले काही त्यांनी नवऱ्यालाही दाखवले नसतील. सासूबाईंच्या कारखान्याचा, मुलीच्या मैत्रिणींचा, शाळेच्या क्लार्कचा नंबर आहे. हे सगळं लोकांनी तुम्हाला विश्वासाने दिलं, ॲपवाल्याला नाही. त्या मुलाने ‘अलाऊ’ दाबलं तेव्हा त्याचं गुपित गेलं नाही, तुमचा नंबर गेला. लपवण्यासारखं काही नसलेल्या माणसाच्या एका बोटाने शेजारच्या घरात धमकीचे फोन वाजतात, हे तुम्ही भोगलंच आहे. मिस्टरांना एवढंच विचारा: उद्या आपल्या फोनमधून तुमच्या सुपरवायझरच्या बायकोचा नंबर असाच कुणाच्या हाती गेला, तर चालेल?

म्हणून तुमचा घाबरून सगळं बंद करण्याचा विचार मला चुकीचा वाटत नाही. तो फक्त जरा सरसकट झाला. ब्लाऊजला मीटरभर कापड पुरतं, त्यासाठी तुम्ही गिऱ्हाइकाकडे अख्खा तागा मागत नाही. ॲपलाही तसंच, कामापुरतं मोजून द्यायचं. आणि असं मोजून देण्याची सोय तुमच्या फोनमध्ये आज आहे. कुठे चांगली आहे, कुठे अपुरी, आणि एका ठिकाणी तर जवळजवळ नाहीच.

सोय सगळ्यात चांगली आहे ती लोकेशनची. आयफोन सोडून बहुतेक फोन अँड्रॉइड या प्रणालीवर चालतात, तिची 10 वी आवृत्ती आली 2019 मध्ये. तेव्हापासून ‘नेहमी’ आणि ‘कधीच नाही’ यांच्यामध्ये ‘ॲप वापरात असतानाच’ हा पर्याय मिळाला. पुढच्या वर्षी अँड्रॉइड 11 मध्ये ‘फक्त या वेळी’ आला. तो निवडला की ॲप बंद केल्यावर थोड्या वेळात परवानगी आपोआप जाते आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारावं लागतं. 2021 च्या अँड्रॉइड 12 मध्ये आणखी एक भर पडली: अचूक ठिकाण द्यायचं की अंदाजे. अंदाजे दिलं तर ॲपला साधारण तीन चौरस किलोमीटरचा परिसर कळतो, घर कळत नाही. हवामानाच्या ॲपला एवढं भरपूर झालं. तुम्ही साखर पेठेत आहात की जुळे सोलापुरात, यावरून मे महिन्यातला पारा काही बदलत नाही. पार्सल आणणाऱ्याला किंवा रिक्षा बोलावणाऱ्या ॲपला दार अचूक कळायला हवं, पण ऑर्डर करतानाच. तिथे ‘वापरात असतानाच’ निवडा. आयफोनमध्येही हे पर्याय आहेत.

कॅमेऱ्याचं आणि माइकचं उत्तर सोपं आहे. क्यूआर स्कॅन करणाऱ्या ॲपला कॅमेरा ‘वापरात असतानाच’ द्या, व्हॉट्सॲपला दोन्ही तसेच द्या, बाकी कुणी मागितलं तर ‘फक्त या वेळी’. अँड्रॉइड 12 पासून कुठलंही ॲप कॅमेरा किंवा माइक वापरत असेल तर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. तुम्ही काही करत नसताना ती खूण दिसली तर पडदा वरून खाली ओढा आणि तिच्यावर बोट ठेवा, कोणतं ॲप आहे ते कळेल.

फोटोंच्या बाबतीत एक गोष्ट मला मनापासून आवडते, आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. पूर्वी एखाद्या ॲपला एक फोटो द्यायचा तर बऱ्याचदा अख्ख्या गॅलरीची किल्ली द्यावी लागायची. 2022 च्या अँड्रॉइड 13 पासून फोनकडे स्वतःची फोटो निवडायची खिडकी आहे. ॲप ती खिडकी उघडतं, तुम्ही एक फोटो निवडता, तेवढाच ॲपकडे जातो. यात परवानगीचा प्रश्नच विचारला जात नाही, कारण निवडणं हीच परवानगी झाली. जी ॲपं अजून गॅलरी मागतात त्यांच्यासाठी 2023 च्या अँड्रॉइड 14 ने ‘ठरावीक फोटोच’ असा पर्याय दिला. तुम्हाला डिझाइन पाठवायचं आहे ना, मग व्हॉट्सॲपला तोच पर्याय द्या. फोन जुना असेल आणि हा पर्याय दिसत नसेल तर दुसरी वाट आहे: गॅलरी उघडा, हवा तो फोटो निवडा आणि तिथल्या ‘शेअर’ने पाठवा. तेवढाच फोटो जातो.

काही लोक म्हणतात, इतके बारीक बारीक पर्याय दिले तर साधी माणसं गोंधळतात, दर मिनिटाला चौकटी येतात, मग वैतागून सगळे ‘अलाऊ’ दाबतात. वैतागाचं खरं आहे. पण त्याचा दोष बारकाव्यावर टाकणं मला पटत नाही. प्रश्न कमी आणि ताबा जास्त, हे एकाच वेळी करता येतं हे फोटोच्या खिडकीने दाखवून दिलं आहे. जे एकदा झालं ते संपर्कयादीसाठी इतकी वर्षं का झालं नाही, हा खरा प्रश्न आहे.

कारण ताई, सोय जवळजवळ नाही असं मी म्हटलं ते हेच ठिकाण. आज वापरात असलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनांत संपर्कयादी एक तर सगळी द्यायची नाहीतर अजिबात नाही. पाच नावं द्या, बाकीची नको, असं म्हणता येत नाही. ज्या गोष्टीत सगळ्यात जास्त लोकांचं काही गुंतलेलं असतं, तिथेच माप सगळ्यात ढोबळ. आयफोनवर 2024 च्या आयओएस 18 पासून (आयओएस ही आयफोनची प्रणाली) ठरावीक संपर्क निवडून देता येतात. गूगलच्या पिक्सेल फोनवर चालणारी ग्राफीनओएस नावाची एक स्वतंत्र प्रणाली आहे. तिच्यात तर ॲपला परवानगी मिळाल्यासारखं वाटतं, पण दिसतात फक्त तुम्ही निवडलेली नावं, नाहीतर कोरी यादी. तुम्ही ते बसवा असं मी म्हणत नाही, ते तुमच्या फोनवर चालणारही नाही. हे करता येतं, आणि करणाऱ्यांनी केलं आहे, एवढं तुम्हाला माहीत असावं. कुणी म्हणालं की ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’, तर मान डोलावू नका.

थोडं मागचंही सांगते, कारण त्यातून पुढचं कळतं. 2015 मध्ये अँड्रॉइड 6 येईपर्यंत ॲप घेतानाच एक लांबलचक यादी दिसायची. सगळी मान्य करा, नाहीतर ॲप घेऊ नका. तुम्ही पत्रात म्हणता ते दोन मार्ग तेव्हा खरोखरच दोनच होते. 2013 मध्ये अँड्रॉइड 4.3 मध्ये ‘ॲप ऑप्स’ नावाचा एक पडदा आत लपलेला लोकांना सापडला होता, त्यातून एकेक परवानगी काढून घेता यायची. त्याच वर्षाच्या अखेरीस 4.4.2 च्या अपडेटमध्ये तो काढून टाकला गेला. तो चाचणीसाठी होता, चुकून बाहेर आला, त्याने ॲपं बिघडू शकतात, असं कारण दिलं गेलं. डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थांनी त्यावर जाहीर टीका केली. दोन वर्षांनी तीच गोष्ट राजरोस, सगळ्यांच्या सेटिंग्जमध्ये आली आणि ॲपं काही बंद पडली नाहीत. आज जे ‘फक्त या वेळी’ तुमच्या बोटाखाली आहे, ते कुणी आपणहून ताटात वाढलेलं नाही, लोकांनी त्याचा धोशा लावला होता. संपर्कयादीचंही तसंच होईल असं मला वाटतं, मागणारे हवेत. ॲपच्या पानावर अभिप्राय लिहायची जागा असते. तिथे मराठीतच लिहा, ‘कामाला लागत नसताना संपर्कयादी मागता, म्हणून एक तारा.’ ॲप बनवणारे हे तारे वाचतात.

तोवर तुम्ही काय करायचं? माझा सल्ला असा: संपर्कयादी फक्त व्हॉट्सॲपला द्या. गिऱ्हाइकाचं नाव दिसल्याशिवाय तुमचा धंदा चालणार नाही, ही किंमत मोजण्याजोगी आहे. पैसे पाठवायच्या ॲपला ती देऊ नका. क्यूआर स्कॅन करून किंवा नंबर टाइप करून पैसे जातात. त्या ॲपला एसएमएसची परवानगी मात्र द्यावी लागते, कारण खातं जोडताना तुमचं सिम खरंच या फोनमध्ये आहे का हे मेसेजवरूनच तपासलं जातं. तिथे अडवून उपयोग नाही, आणि ते कारण पटण्यासारखं आहे. मुलीच्या अभ्यासाच्या ॲपने संपर्कयादी मागितली तर ‘डोन्ट अलाऊ’. गणिताचे व्हिडिओ बघायला कुणाचे नंबर लागत नाहीत. ‘मैत्रिणींना बोलवा’ म्हणून ते मागतात. फोटो सुंदर करणारी, टॉर्चची, गेमची, ‘हा नंबर कुणाचा’ सांगणारी, सगळ्यांना नाही. नाही म्हटल्यावर जे ॲप चालायचंच नाकारतं, त्याला काढून दुसरं शोधा. टॉर्च तर फोनमध्ये असतोच.

आणि वर्षातून दोनदा येणाऱ्या गिऱ्हाइकाचा नंबर मापाच्या वहीतच राहू द्या. ती वही कोणतंही ॲप वाचू शकत नाही.

आता ज्याला मधला पर्याय नको, सरळ नाहीच म्हणायचं, अशा परवानग्या सांगते. त्या नेहमीच्या चौकटीत येत नाहीत, ॲप तुम्हाला सेटिंग्जच्या आत नेऊन एक बटण चालू करायला सांगतं. पहिली ‘ॲक्सेसिबिलिटी’. ही सोय दृष्टिहीनांसाठी आणि हातांनी फोन चालवणं अवघड असणाऱ्यांसाठी केलेली आहे. ती मिळालेलं ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. चोरांच्या ॲपना नेमकी हीच हवी असते. दुसरी ‘नोटिफिकेशन ॲक्सेस’. नोटिफिकेशन दाखवण्याची परवानगी वेगळी आणि सगळ्या ॲपची नोटिफिकेशन वाचण्याची ही वेगळी. तुमचा ओटीपी नोटिफिकेशनमध्येच येतो. तिसरी ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड, सरकारी योजनेचा हप्ता, अशा नावाने एपीके फाइल व्हॉट्सॲपवर येते. ही परवानगी चालू असेल तर एका चुकीच्या टिचकीने ती फोनमध्ये बसते. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ॲप कधीच नसते, हे सासूबाईंनाही सांगून ठेवा. चौथी ‘डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स’, म्हणजे दुसऱ्या ॲपवर स्वतःची चौकट पसरायची मुभा. तीही नको.

हे सगळं कुठे बघायचं? सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी’ किंवा ‘सिक्युरिटी अँड प्रायव्हसी’त जा, तिथे ‘परमिशन मॅनेजर’ सापडेल. त्यात एकेका ॲपऐवजी एकेक परवानगी उघडा: संपर्कयादी कुणाकुणाकडे आहे, माइक कुणाकडे. तशी यादी एका नजरेत खूप काही सांगून जाते. अँड्रॉइड 12 पासून तिथेच ‘प्रायव्हसी डॅशबोर्ड’ आहे. मागच्या चोवीस तासांत कोणत्या ॲपने किती वाजता लोकेशन, कॅमेरा, माइक वापरला ते तो वेळेसकट दाखवतो. हे मुलीला करायला सांगा. रागावून नको, ‘मला समजावून दे’ असं म्हणून. बारावीतल्या मुलीला आईने काही शिकवायला सांगितलं की तिचा राग टिकत नाही. काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या नवे फोन आपोआप काढून घेतात. ते बटण चालू आहे ना, एवढं बघा.

एक कमतरता सांगायलाच हवी. इंटरनेट वापरायची परवानगी साध्या अँड्रॉइडमध्ये कुणी विचारतच नाही, प्रत्येक ॲपला ती न मागता मिळते. कॅलक्युलेटरलासुद्धा. काही कंपन्यांच्या फोनांत एकेका ॲपचा डेटा बंद करायची सोय असते. तुमच्या फोनच्या ‘डेटा युसेज’मध्ये शोधून पाहा, सापडली तर वापरा.

राहिली मिस्टरांच्या हजेरीची गोष्ट, आणि ती नाजूक आहे, कारण इथे ॲप काढून टाका असं मी सांगू शकत नाही. पोट त्यावर आहे.

कायद्याचं आधी. 2017 च्या 24 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 मध्ये संसदेने वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा केला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. मुख्य कलमं लगेच लागू झालेली नाहीत, कंपन्यांना तयारीसाठी दीड वर्षाची मुदत मिळाली आहे. या कायद्यात संमतीचं एक उदाहरण दिलं आहे, ते तुमच्याच प्रश्नाला लागू पडतं. फोनवरून डॉक्टरी सल्ला देणारं ॲप संपर्कयादीही मागतं आणि बाई दोन्हींना हो म्हणते. कायदा म्हणतो, सल्ला द्यायला संपर्कयादी लागत नाही, तेव्हा तिची संमती फक्त सल्ल्यासाठी लागणाऱ्या माहितीपुरतीच धरायची. म्हणजे बाईने ‘अलाऊ’ दाबलं तरी जास्तीचं घेण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. पण नोकरीच्या बाबतीत हाच कायदा मालकाला मोकळीक देतो. कामासाठी आणि कारखान्याचं नुकसान टाळण्यासाठी कामगाराची माहिती त्याच्या संमतीशिवायही वापरता येते. म्हणून मिस्टरांनी कायद्याचं पुस्तक घेऊन ऑफिसात जाऊ नये. कामाची भाषा बोलावी. हजेरी गेटवर लागते, येताना आणि जाताना. रात्री अकराला माणूस घरी झोपला आहे की नाही, याचा हजेरीशी संबंध नाही.

करून बघण्यासारखं असं: लोकेशन ‘ॲप वापरात असतानाच’ ठेवा, अचूक ठेवा. अंदाजे दिलं तर कारखान्याचं गेट आणि शेजारचं गेट ॲपला वेगळं कळणार नाही आणि हजेरी चुकेल. गेटवर ॲप उघडून हजेरी लावा, लागली की बंद करा. बरीच ॲपं ‘नेहमी’ मागतात, पण एवढ्यावरही चालतात. संपर्कयादी, फोटो, कॉलची नोंद मागितली तर नाही म्हणा. चेहऱ्याचा फोटो लागत असेल तर कॅमेरा द्यावा लागेल. ड्यूटी सुटली की वरून पडदा ओढून फोनचं लोकेशनच बंद करा, म्हणजे परवानगी कोणतीही असली तरी ॲपला ठिकाण मिळत नाही. मात्र त्यांची फिरतीची ड्यूटी असेल, माल पोचवायला बाहेर जावं लागत असेल, तर तेवढ्या तासांत लोकेशन मागणं रास्त आहे, ते चालू ठेवावं.

ॲप अडूनच बसलं तर एकट्याने बोलू नये. खात्यातल्या पाच-सहा जणांनी मिळून ऑफिसला साधा अर्ज द्यावा. तक्रारीचा सूर नको. मालकांनाही बहुतेक वेळा ठाऊक नसतं की ॲप काय काय मागतं. विकणाऱ्याने दिलं तसं त्यांनी बसवून घेतलेलं असतं, आणि विकणाऱ्याला सांगून सेटिंग बदलून घेणं त्यांच्याच हातात असतं. मजकूर असा चालेल:

‘हजेरीच्या ॲपमध्ये लोकेशन चोवीस तास चालू ठेवण्याची अट आहे. हजेरी आम्ही गेटवर, येताना आणि जाताना लावतो. तेव्हा लोकेशन फक्त ॲप उघडे असताना घेतले जावे, अशी सेटिंग करून मिळावी. संपर्कयादी, फोटो व कॉलची माहिती हजेरीसाठी लागत नाही, ती मागणी काढून टाकावी. आमची जमा झालेली माहिती किती दिवस ठेवली जाते व ती कोण पाहते, हे कळवावे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा ज्यांचा फोन घरातल्या इतरांच्याही वापरात असतो, त्यांच्यासाठी गेटवर अंगठ्याचे मशीन किंवा रजिस्टर सुरू ठेवावे.’

खाली सगळ्यांच्या सह्या, तारीख, आणि अर्ज दिल्याची पोच एका प्रतीवर घ्यायला सांगा.